सोसायटीच्या कामासाठी एखाद्याची डिग्री आणि नोकरीचा पुरावा मागावा का?

पाचपाखाडीकर :
मंडळी, सल्ला हवाय. आमची सोसायटी पाचपाखाडीत, तीन विंग, ऐंशीच्या दशकातली बिल्डिंग, रिडेव्हलपमेंटचं घोडं गेली कित्येक वर्षं पेंड खातंय. आता कुठे हलायला लागलंय तर नवीनच भानगड. रिडेव्हलपमेंट कमिटीचे जे मुख्य आहेत (इथे क्ष काका म्हणू) ते पहिल्यापासून सांगत आलेत की मी सिव्हिल इंजिनियर, मोठ्या बांधकाम कंपनीत तीस वर्षं काढली. खरं सांगायचं तर त्यावरच लोकांनी त्यांना पुढे केलं. आता बी विंगमधल्या एका आयटीवाल्या मुलाने ग्रुपवर टाकलं की काकांच्या लिंक्डइनवर कॉलेजचं नावच नाही, त्या कंपनीतल्या दोघातिघांना विचारलं तर कोणी ओळखत नाही, तर काकांनी डिग्री आणि एक्सपीरियन्स लेटर ग्रुपवर टाकावं. काका भडकले, वयाचा तरी मान ठेवा म्हणाले आणि ग्रुप सोडून गेले. अर्धे लोक म्हणतात कर नाही त्याला डर कशाला, अर्धे म्हणतात म्हाताऱ्या माणसाचा चारचौघात अपमान केला.
मी सेक्रेटरी आहे त्यामुळे दोन्हीकडून माझाच फोन वाजतोय. असं मागणं योग्य आहे का? आणि मागायचंच तर कोणी, कसं?

तर्रीदार :
ग्रुप सोडला म्हणजे अर्धा गुन्हा कबूल. उरलेला अर्धा जनरल बॉडीत.

निवांत_नेरूळ :
तर्रीदार, ग्रुप सोडणं हा गुन्हा असेल तर मी सराईत आहे. सोसायटी, शाळा, भिशी, सगळे सोडलेत.
पाचपाखाडीकर, मला त्या मुलाचं अजिबात पटलं नाही. कमिटीत यायला कायद्यात शिक्षणाची अट कुठेय? आमचे खजिनदार अकरावीत कॉलेज सोडलेले, किराणा मालाचा धंदा, पण हिशोब असा की ऑडिटर चहा पिऊन परत जातो. काका काम नीट करतायत की नाही एवढंच बघा ना.

लोकलकर_७५२ :
निवांत, तुमचे खजिनदार "मी सीए आहे" म्हणून निवडून आले का? नाही ना? मग उदाहरण लागू पडत नाही. इथे माणसाने स्वतः डिग्रीचं भांडवल केलंय. ज्याच्या जोरावर खुर्ची मिळाली ते दाखवायला काय हरकत आहे.

एचआरवाली_ऐरोली :
माझं रोजचंच काम आहे हे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
पहिली गोष्ट, लिंक्डइन हा पुरावा नाही, दोन्ही बाजूंनी नाही. तिथे लिहिलंय म्हणून खरं नसतं आणि लिहिलेलं नाही म्हणून खोटं नसतं. साठीच्या पुढच्या किती लोकांचं प्रोफाईल धड भरलेलं असतं? बहुतेक वेळा भाच्याने बनवून दिलेलं असतं आणि पासवर्डही त्यालाच माहीत. "दोघातिघांनी ओळखलं नाही" याला तर काहीच अर्थ नाही, हजारो लोकांची कंपनी असते, साईटवरच्या माणसाला हेड ऑफिसमध्ये कोण ओळखणार.
आम्ही बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतो तेव्हा आधी उमेदवाराची लेखी संमती घेतो. मग शिक्षणासाठी विद्यापीठाकडे फी भरून पत्र, किंवा अलीकडच्या बॅचचं असेल तर डिजिलॉकरवर थेट. नोकरीसाठी जुन्या कंपनीच्या एचआरला मेल, आणि आताशा सगळ्यात कामाचं म्हणजे यूएएनची (पीएफच्या कायमच्या नंबरची) सर्व्हिस हिस्ट्री. कुठल्या कंपनीत कधी जॉईन, कधी बाहेर, सगळं तिथे दिसतं. फेक एक्सपीरियन्स विकणाऱ्या "कन्सल्टन्सी" असतात ना, पैसे घेऊन दोन वर्षांचं लेटर, सॅलरी स्लिपा, आणि एचआर म्हणून फोन उचलायला माणूससुद्धा देतात, ते बहुतेकदा इथेच आपटतात. लेटर छापता येतं, दर महिन्याला पीएफ भरल्याची नोंद मागच्या तारखेने कशी आणणार? एका मुलाने मला दोन वर्षं पुण्यात टेस्टर होतो म्हणून लेटर दिलं, लेटरहेड झकास, शिक्का गोल, सही मोत्यासारखी, आणि हिस्ट्रीत त्याच दोन वर्षांत कळंबोलीची लॉजिस्टिक्स कंपनी. विचारलं तर म्हणतो मॅडम ते पार्टटाइम होतं. वाईट याचं वाटलं की गोदामाचं सगळं काम तो उत्तम जाणत होता, आणि तेच त्याने सीव्हीतून गाळलं होतं.
पण यूएएन आला २०१४ मध्ये. त्याआधी रिटायर झालेल्या माणसाचं तिथे काही मिळेलच असं नाही. क्ष काकांचं वय बघता हा मार्ग सोडूनच द्या.

तर्रीदार :
गोदाम ते टेस्टर. माल तपासणे हे काम दोन्हीकडे सारखंच, एवढं काय त्यात.

जुना_ठाणेकर :
एचआरवाली यांच्याशी सहमत. तीस वर्षांपूर्वीची नोकरी सिद्ध करणं किती अवघड असतं हे आजच्या मुलांना कळत नाही. ठाणे-बेलापूर रोडवर, वागळे इस्टेटमध्ये, पोखरणला एकेकाळी भोंगे वाजायचे. किती कंपन्या बंद पडल्या, किती विकल्या गेल्या, किती नावं बदलून तीच राहिली. आज तिथे टॉवर आणि आयटी पार्क. ज्या गेटवर बावीस वर्षं कार्ड पंच केलं तिथे आता मॉलचं पार्किंग आहे, एक्सपीरियन्स लेटर कोणाकडे मागू? पार्किंगच्या वॉचमनकडे?
माझ्या धाकट्या भावाला आखातात जायचं होतं तेव्हा हाच प्रश्न आला. कंपनी लिक्विडेशनमध्ये. शेवटी काय उपयोगी पडलं तर आईने रेक्झिनच्या फाईलमध्ये जपून ठेवलेले कागद. पीएफची वार्षिक स्लिप, ईएसआयचं कार्ड, बोनसची पावती, आणि एक अपॉइंटमेंट लेटर ज्याच्यावर टाईपरायटरचा ए आणि ई शाईने भरून सगळे ठिपकेच दिसत होते. ती स्लिप बघून एजंट म्हणाला हे चालेल. म्हणून सांगतो, कंपनी बंद झाली म्हणजे माणूस खोटा ठरत नाही.

सीवूड्सची_सई :
यात बायकांचं वेगळंच. मार्कशीटवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, पहिल्या नोकरीत एक, दुसरीत दुसरं. मधे मुलांसाठी सहा वर्षांची गॅप. व्हेरिफिकेशनवाल्याने मला फोन करून विचारलं, "मॅडम या डिग्रीवरची बाई कोण?" मॅरेज सर्टिफिकेट पाठवलं तर म्हणे गॅझेट पाठवा.
त्यावर कळस म्हणजे माझ्या डिग्रीवर इंग्रजीत युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे आहे, कारण विद्यापीठाचं नाव मुंबई झालं १९९६ मध्ये आणि मी त्याच्या आधीची. एजन्सीतल्या पोराच्या यादीत बॉम्बे नव्हतंच! "नॉट फाऊंड" असा शेरा मारून मोकळा. १८५७ चं विद्यापीठ सापडेना त्याला.

तर्रीदार :
सई, तुमचं बॉम्बे निदान बरोबर लिहिलेलं तरी होतं. २०२३-२४ च्या बॅचला जी प्रमाणपत्रं दिली त्यांच्या बोधचिन्हात मुंबईच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त पडला होता. मुमाबाई विद्यापीठ. परत घेऊन दुरुस्त करून देणार म्हणाले. आता सांगा, अस्सल डिग्री अशी आणि नकली डिग्रीत स्पेलिंग बरोबर. ओळखायचं कसं?

पामबीच_पादचारी :
हाहाहा तर्रीदार _/\_

काळा_कोट :
कायद्याचं थोडं. भारतात डिग्री देण्याचा अधिकार यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे फक्त केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच. बाकी कोणी कितीही सोनेरी शाईत छापून दिलं तरी कागद. आणि या कलमाचा भंग केला तर दंड किती, तर हजार रुपयांपर्यंत. १९५६ साली ती मोठी रक्कम होती. अर्थात बनावट कागदपत्र करून वापरलं तर बनावटगिरी आणि फसवणुकीची कलमं वेगळी लागतात, तिथे तुरुंग आहे.
आता दुसरी बाजू, जी त्या बी विंगच्या मुलाला कोणीतरी सांगा. "काकांनी डिग्री दाखवावी" हा प्रश्न झाला. "काकांची डिग्री बोगस आहे" हे विधान झालं, आणि दीडशे लोकांच्या ग्रुपवर केलेलं ते विधान सिद्ध करता आलं नाही तर बदनामी, पूर्वीचं भादंवि ४९९-५००, आता न्याय संहितेचं कलम ३५६. स्क्रीनशॉट कोणीतरी काढलेला असतोच.
आणि माहितीच्या अधिकारात काकांच्या सर्व्हिस रेकॉर्डची वगैरे मागणी करायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर ते विसरा. खाजगी कंपनीला तो थेट लागूच नाही. आणि सरकारी नोकराचं सर्व्हिस रेकॉर्डसुद्धा व्यापक जनहित दाखवल्याशिवाय वैयक्तिक माहितीच, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे केसमध्ये सांगितलंय. गंमत म्हणजे ती माहिती अकोल्याच्या पीएफ ऑफिसमधल्या एका अधिकाऱ्याबद्दल मागितली होती.

लोकलकर_७५२ :
कोटसाहेब म्हणजे लबाडाने लबाडी करावी आणि विचारणाऱ्याने नोटीस खावी?

काळा_कोट :
नाही हो. विचारणाऱ्याने विचारावं. निकाल देऊन मग पुरावा मागू नये.

घासूगुरुजी :
विषय निघालाच आहे तर क्लासवाल्यांचं बोला. घोडबंदर रोडला ब्रह्मांड ते कासारवडवली नुसते बॅनर वाचत जा, प्रत्येक क्लासमध्ये "आयआयटीयन फॅकल्टी". इतके आयआयटीयन ठाण्यात फिजिक्स शिकवत असतील तर पवई ओस पडली असेल. मी एका ठिकाणी मुलीच्या ॲडमिशनला गेलो तेव्हा सरळ विचारलं सर कुठल्या आयआयटीचे, बॅच कुठली. काउंटरवरची ताई म्हणाली "सर आयआयटीसाठी शिकवतात." केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगच्या गाईडलाईन्स काढल्या त्यात पदवीपेक्षा कमी शिकलेला शिक्षक ठेवू नका असं आहे, आणि वेबसाईटवर शिक्षकांची पात्रता टाका असंही. किती क्लासच्या वेबसाईटवर दिसते ते तुम्हीच बघा.
आणि ते नावापुढे डॉ. लावणारे! हॉटेलचा हॉल, शाल, श्रीफळ, भाड्याचा झगा, "मानद डॉक्टरेट", पैसे ॲडव्हान्स. दुसऱ्या दिवशी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स, खाली शुभेच्छुक मित्रमंडळ.

निवांत_नेरूळ :
गुरुजी, आमच्या सेक्टरमध्ये असे एक डॉ. आहेत. वॉचमनच्या पोराला ताप आला तेव्हा त्याची बायको रात्री त्यांच्या दारात उभी. डॉक्टर साहेब गोळी द्या म्हणून. दुसऱ्या दिवशी पाटीवरचं डॉ. काढलं त्यांनी, तेवढं मात्र मानलं.

पामबीच_पादचारी :
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. काम उत्तम करत असेल तर डिग्री खोटी निघाली म्हणून काय बिघडलं, असा प्रश्न आहे ना. अमेरिकेत एमआयटीच्या ॲडमिशन विभागाच्या डीन होत्या मॅरिली जोन्स. १९७९ ला साध्या पदावर लागल्या, चढत चढत डीन झाल्या, कामाचं कौतुक व्हायचं, पालकांचं नि मुलांचं टेन्शन कमी करा म्हणून पुस्तक लिहिलं. २००७ ला निघालं की ज्या डिग्र्या सांगितल्या त्या नव्हत्याच. राजीनामा. अठ्ठावीस वर्षं कोणी तपासलं नाही. त्या पहिल्या नोकरीला डिग्री लागतच नव्हती असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. म्हणजे खरं सांगितलं असतं तरी आत गेल्या असत्या! पण इतरांच्या अर्जातलं खरंखोटं बघणं हेच ज्या खात्याचं काम, त्याच्याच प्रमुखाचा अर्ज खोटा. अशा माणसाला ठेवणार कसं? याहूचा सीईओ स्कॉट थॉम्प्सन २०१२ मध्ये असाच गेला, डिग्री अकाउंटिंगची होती, बायोडेटात कॉम्प्युटर सायन्सही चिकटलं होतं.
म्हणून मला वाटतं डिग्री किती मोठी याने फरक पडत नाही, तिच्या भरवशावर पुढे लोक कशावर सह्या करणार आहेत याने पडतो. रिडेव्हलपमेंटमध्ये तर लोक घरावरच सही करतायत.

डिप्लोमावाला_कळवा :
पहिल्यापासून वाचतोय, एक शंका. पाचपाखाडीकर, काकांनी डिप्लोमा करून नोकरी करता करता एएमआयई केलं असेल का? आमच्या पिढीत कळवा-मुंब्र्यातून कंपनीत जाणारे कितीतरी जण ते करायचे. कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स, १९२० ची संस्था, सेक्शन ए, सेक्शन बी असे पेपर द्यायचे, कॉलेज नाही, लेक्चर नाही, डे शिफ्ट करून रात्री स्टेशनवरच्या दिव्याखाली वाचायचं. मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांना सरकारने ते बीई-बीटेकच्या बरोबरीचं मानलंय. पण "कुठल्या कॉलेजचे?" विचारलं की उत्तर नसतं. मी स्वतः सेक्शन बी चे दोन पेपर राहून सोडलं, त्यामुळे मी इंजिनियर म्हणवत नाही, पण ज्याने पूर्ण केलं त्याला कोणी बोगस म्हटलं तर माझं डोकं फिरतं.

लोकलकर_७५२ :
मग सांगायचं ना तसं. चिडायचं कशाला.

डिप्लोमावाला_कळवा :
कारण आयुष्यभर "म्हणजे प्रॉपर इंजिनियर नाही का?" ऐकलेलं असतं हो. तुम्ही व्हीजेटीआय म्हटलं की समोरचा खुर्ची देतो. आम्ही एएमआयई म्हटलं की फुल फॉर्म विचारतो.

जुना_ठाणेकर :
+१. व्हीजेटीआयचं पण नाव बदललंच की १९९७ ला, व्हिक्टोरिया ज्युबिलीचं वीरमाता जिजाबाई झालं. आमच्या वेळचे लोक दोन्ही नावं सांगतात, व्हेरिफिकेशनवाला दोन कॉलेजं समजतो.

वास्तुपुरुष_वाशी :
मी आर्किटेक्ट आहे, सोसायट्यांचीच कामं करतो. तुम्ही सगळे चुकीच्या माणसाचे कागद मागताय असं मला वाटतंय.
क्ष काका अस्सल व्हीजेटीआयचे एमटेक असले तरी त्यांच्या सहीला रिडेव्हलपमेंटमध्ये कायदेशीर किंमत शून्य. रिडेव्हलपमेंट कमिटी ही सोयीची गोष्ट, निर्णय जनरल बॉडीचा. स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरनेच करायचं, तीस वर्षांवरच्या इमारतीला तर महापालिका कायद्याच्या २६५ ए खाली ते बंधनकारकच आहे. फिजिबिलिटी रिपोर्ट, टेंडर, बिल्डरची छाननी हे पीएमसी, म्हणजे सोसायटीने नेमलेला प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट करणार. मग नोंदणी क्रमांक त्यांचा तपासा ना! आर्किटेक्ट असेल तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या साईटवर नाव टाका, पाच मिनिटांचं काम. १९७२ च्या कायद्याने नोंदणीशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेताच येत नाही. इंजिनियर शब्दाला असं कुठलंच कुंपण नाही, त्यामुळे एसी दुरुस्त करणाराही इंजिनियर. सीएने काही सर्टिफिकेट दिलं तर त्यावरचा यूडीआयएन (त्या सर्टिफिकेटचा ओळख क्रमांक) ऑनलाईन टाकून बघा, तो खरा की खोटा लगेच कळतं.
मी इतक्या सोसायट्यांत गेलोय, कमिटी मेंबरच्या डिग्रीवरून हाणामारी झालेली पाहिलीय, पण पीएमसीला "तुमचं लायसन्स चालू आहे का" हे विचारणारा क्वचित भेटतो.

एचआरवाली_ऐरोली :
वास्तुपुरुष, अगदी. पण काकांचं प्रकरणही मिटवायला हवं, नाहीतर काकांच्या प्रत्येक सूचनेला लोक फाटे फोडणार. पाचपाखाडीकर, ग्रुपवर नको. तुम्ही आणि चेअरमन, दोघांनी घरी जा. "दाखवा" म्हणू नका, "आम्हाला सभेत सांगावं लागेल तर काय सांगू?" असं विचारा. आणि कागदाचा फोटो काढून आणू नका, बघा फक्त. एकदा फोटो निघाला की त्यावरचा जन्मतारखेपासून सीट नंबरपर्यंत सगळा तपशील संध्याकाळपर्यंत तिन्ही विंगमध्ये.

पाचपाखाडीकर :
सगळ्यांचे आभार. एचआरवाली यांनी सांगितलं तसं मी आणि चेअरमन जाऊन आलो.
डिप्लोमावाला, तुम्हाला साष्टांग. एएमआयईच! सेक्शन बी चं सर्टिफिकेट हॉलमध्ये भिंतीवर फ्रेम करून लावलंय, गणपतीच्या फोटोशेजारी. मी त्या घरात दरवर्षी आरतीला जातो आणि कधी वाचलं नाही. काकू म्हणाल्या, "तुम्ही लोक प्रसाद बघता, भिंत कोण बघतं."
नोकरीचं मात्र जरा वेगळं निघालं. काका तीस वर्षं कामाला होते त्या कंपनीच्या साईटवर, पण पगार सबकॉन्ट्रॅक्टरकडून. पहिली काही वर्षं एक कॉन्ट्रॅक्टर, मग दुसरा. कंपनीच्या रोलवर कधीच नव्हते. गेटपास कंपनीचे, हेल्मेट कंपनीचं, पूल बांधले त्याचे फोटोही आहेत, सॅलरी स्लिप मात्र दुसऱ्याची. म्हणून तिथे कोणी ओळखलं नाही.

लोकलकर_७५२ :
म्हणजे मुलगा अर्धा बरोबर होता. "कंपनीत होतो" हे खोटंच झालं की.

डिप्लोमावाला_कळवा :
खोटं? कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस कंपनीचंच काम करतो, कंपनीचाच साहेब त्याच्यावर ओरडतो. फक्त दिवाळीला बोनस वेगळा. लग्नाच्या बायोडेटात सगळे कंपनीचंच नाव टाकतात.

लोकलकर_७५२ :
लग्नाच्या बायोडेटात उंचीपण वाढवतात. म्हणून ती खरी होत नाही.

एचआरवाली_ऐरोली :
आमच्याकडे याला सरळ "विसंगती" असा शेरा बसतो. फसवणूक नाही, पण क्लीनही नाही. उमेदवाराने सीव्हीवर "अमुक कंपनीच्या साईटवर, तमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत" असं लिहिलं की प्रश्नच येत नाही. काकांनी सभेत तेवढं एक वाक्य स्वतःहून बोलावं.

जुना_ठाणेकर :
पीएफ कॉन्ट्रॅक्टरने भरला होता का ते विचारा काकांना. खरी फसवणूक तिथे निघते बहुतेक वेळा. तीस वर्षं राबून ईपीएस ९५ ची पेन्शन हजार रुपये येत असेल तर डिग्री मागणाऱ्या मुलाला तेही सांगा.

पाचपाखाडीकर :
काका म्हणाले सभेत सांगतो, पण त्या मुलाने आधी ग्रुपवर माफी मागावी. मुलगा म्हणतो मी फक्त प्रश्न विचारला, माफी कसली. कोटसाहेब, तुमचा प्रश्न आणि विधानातला फरक त्याने पाठ केलाय बहुतेक.
तेवढ्यात वास्तुपुरुषांचं ऐकून आमच्या संभाव्य पीएमसीकडे नोंदणी क्रमांक मागितला. पाठवतो म्हणालेत. अजून आलेला नाही.

वास्तुपुरुष_वाशी :
क्रमांक पाठवायला वेळ लागत नाही, लेटरहेडवर छापलेला असतो. तो येईपर्यंत सभेच्या अजेंड्यावर त्यांचं नाव घेऊ नका.

सीवूड्सची_सई :
धाग्याशी थेट संबंध नाही, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. माझी डिग्री वडिलांनी हौसेने लॅमिनेट करून ठेवलीय. मुलाकडे कॅनडाला जायचं तर ॲटेस्टेशनवाला म्हणतो लॅमिनेशनवर शिक्का मारत नाही. काढायला गेलं तर शाई निघते. काय करू?

एचआरवाली_ऐरोली :
काढू नका! विद्यापीठाकडे डुप्लिकेट प्रमाणपत्राचा अर्ज करा, मूळ प्रत खराब झाल्याचं कारण देऊन. आणि नवीन आलं की आधी स्पेलिंग तपासा.

तर्रीदार :
मुमाबाई आलं तर फ्रेम करा.